हातगुण

विश्वेशचा फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर चार्जिंगला लावलेला होता आणि विश्वेश माजघरात जमिनीवर बसून चहा पीत होता. तरी त्याचा उजवा अंगठा हलत होता. पेल्याच्या काचेवर तो वरून खाली ओढला जाई, जरा थांबे, पुन्हा वर जाई आणि पुन्हा खाली ओढला जाई. बाकीचा हात स्थिर होता, चहा हिंदकळत नव्हता. थांबण्याचा काळ दर वेळी साधारण तेवढाच होता, पडद्यावरचं चक्र फिरून नवं काही दिसायला जेवढा लागतो तेवढा. सुनीती समोरच्या स्टुलावर उभी राहून भिंतीवर पेन्सिलीने आखणी करत होती आणि मधूनमधून ते पाहत होती. विश्वेशला स्वतःला ते कळत नव्हतं याची तिला खात्री होती. कळलं असतं तर त्याने हात मांडीखाली घेतला असता. लहानपणी नखं खाताना पकडला की तो तसंच करायचा.

चवथ पुढच्या आठवड्यात होती. गणपती बसतो ती भिंत दरवर्षी घरच्याच माणसांनी रंगवायची, असा तारकर्लीतल्या या घराचा रिवाज होता. उरलेल्या घराला रंगारी चालतो, या भिंतीला नाही. म्हणून लग्न होऊन कुडाळला गेल्यावरही सुनीती चवथीआधीच्या एका रविवारी माहेरी येई. ती तिथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. घरात सरळ रेघ फक्त हिचीच येते, असं बाबा म्हणत. ते बंदर खात्यातून निवृत्त झाले होते, आणि गुडघे धरल्यापासून खुर्चीत बसून हात पोचेल तेवढाच भाग रंगवत आणि बाकीच्यांना सूचना देत.

"यंदा पाठी काय काढूचा ठरला?" त्यांनी विचारलं.

"समुद्राचो तळ," इशिता म्हणाली. ती विश्वेशची मुलगी, चौथीत होती. वडिलांच्या होडीतून पाण्याखाली उतरणारे पाहुणे वर आल्यावर काय काय सांगतात ते ऐकतच ती मोठी झाली होती. "कोरल, कासव आणि एक मोठो ऑक्टोपस."

"गणपतीच्या पाठी ऑक्टोपस? बुडालो असा दिसतलो गो तो."

"शेवटाक बुडवतासच मा तुमी तेका."

विश्वेश चहा ठेवून हसला. "बाबा, हरलास तुमी."

"हरूची माका सवय आसा," बाबा म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांनी निळ्या रंगाचा डबा उघडण्यात बराच वेळ घालवला. डब्याचं झाकण मुळात सैलच होतं.

सुनीतीने स्टूल सरकवलं आणि हात धुवायला आत गेली. प्राजक्ता, विश्वेशची बायको, खोबरं किसत होती. तिने मान वर न करता विचारलं, "ताई, तुमी परत विचारलात काय तेंका?"

"नाय."

"विचारू नकात. विचारल्यार 'हो' म्हणतत. तेंचो 'हो' ऐकान माका आता भीती वाटता."

कुडाळला मानसोपचाराचे एक डॉक्टर होते. सुनीती स्वतः त्यांना भेटून आली होती, वेळही ठरवून ठेवली होती. पहिल्यांदा विश्वेश म्हणाला, पर्यटकांचा सीझन संपू दे. मग म्हणाला, पावसाळी डागडुजी उरकू दे. आता चवथ झाल्यावर. दर वेळी तो मनापासून म्हणायचा, हेच कठीण होतं. मधल्या काळात होडीचं इंजिन 'दुरुस्तीला' गेलं ते परत आलं नव्हतं, आणि पाहुण्यांच्या खोल्यांची कौलंही परतली गेली नव्हती. फोनवरच्या पैशांच्या खेळांवर सरकारने बंदी घातली तेव्हा प्राजक्ताने देवाला नारळ ठेवला होता. थोड्याच दिवसांत विश्वेशला दुसरं काहीतरी सापडलं. त्यात आधीसारखं क्रिकेटही नव्हतं. नुसतं एक चक्र फिरायचं आणि एका आकड्यावर थांबायचं.

"झाला चार्ज?" विश्वेश दारात आला. फळीवरचा फोन उचलताना त्याने बहिणीकडे पाहिलं नाही. "इतक्या गुपचूप काय चल्लाहा दोघींचा? माझ्या तक्रारी?"

"तुझ्या तक्रारी गुपचूप करूक कित्याक होयेत," प्राजक्ता म्हणाली. "सगळ्या वाडीक ठावक आसत."

तो हसला. प्राजक्ता हसली नाही. सुनीती त्याच्या मागोमाग माजघरात आली. तो दाराच्या चौकटीला टेकला आणि इशिताला म्हणाला, "बाय, एक ते नऊमधलो एक आकडो सांग. पटकन."

इशिताने का म्हणून विचारलं नाही. तिने ब्रश डब्यावर आडवा ठेवला, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि डोळे मिटले. सुनीतीच्या लक्षात राहिले ते मिटलेले डोळेच. सवयीचं काम करावं तसे तिने ते मिटले होते.

"सात."

"शाबास," विश्वेश म्हणाला आणि त्याचा अंगठा पडद्यावर टेकला.

बाबांचा ब्रश भिंतीला लागलेला तसाच राहिला होता. त्याच्या टोकापासून निळा ओघळ खाली उतरत गेला आणि सुनीतीने आखलेल्या रेघेच्या पार खाली पोचला. त्यांनी तो पुसला नाही.

सुनीतीला सकाळी दाढी करताना आरशात दिसणारे बाबा आठवले. गालाला साबण लावलेले, एक भुवई वर. "विशू, सपनात काय दिसला रे?" विशू तेव्हा शाळेतही जात नव्हता. होडी दिसली, म्हणायचा, किंवा साप, किंवा आजीचं मांजर. प्रत्येक गोष्टीचा बाबांकडे एक आकडा होता. मग बाबा बाजारात जात, बंदरावरच्या टपरीत आकडा लावत आणि तिथून कामावर. मटका खेळणारे बरेच जण असं करायचे. लहान पोराच्या तोंडून खरं येतं असा समज होता. पण बाबा ते चारचौघांत सांगायचे, "माझ्या झिलाक हातगुण आसा." आकडा लागला म्हणत ते गोड खाजाचा पुडा घेऊन येत, विशूला खांद्यावर बसवून खळ्यात, घरापुढच्या अंगणात, फेऱ्या मारत. न लागल्याचं घरात कधी बोललं जायचं नाही. ते फक्त आईच्या हातातल्या बांगड्या कमी होत गेल्यावरून कळायचं.

सुनीतीला त्यांनी कधी विचारलं नव्हतं. तिला ते लागायचं. ती स्वप्नं जुळवून ठेवायची, चांगली, ठळक स्वप्नं, आणि कुणी विचारत नाही म्हणून चुलीपाशी बसून आईला सांगायची.

आई गेली त्या वर्षी बाबांनी आकडा बंद केला. कुणाला सांगून नाही. नंतरही ते त्याबद्दल कधी बोलले नाहीत आणि घरातल्या कुणी विचारलं नाही.

आनुवंशिकता शिकवताना ती फळ्यावर घराण्याचा तक्ता काढायची. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, ज्यांच्यात दोष उतरला ते भरून काढायचे. कुणीतरी विद्यार्थी दरवर्षी विचारायचाच, मॅडम, व्यसनही असं उतरतं का? ती सांगायची की थोडं रक्तातून येतं, थोडं घरातून, आणि दोन्ही वेगळं करणं अवघड असतं. वेगळं करायचं तर एकाच घरातली भावंडं बघावी लागतात, एक भरलेलं आणि एक कोरं. एवढं सांगून ती खडू खाली ठेवायची. ती आणि विश्वेश एकाच ताटात जेवले होते. तरी तिचं वर्तुळ कोरं होतं आणि त्याचा चौकोन भरलेला. का, ते तिला कधी सापडलं नव्हतं.

"आत्या, ब्रश धुवक येतंस?"

मागच्या दारी दगडी डोणीपाशी दोघी बसल्या. इशिताने पिवळा रंग पाण्यात पिळून काढला.

"सात बरो मा गो, आत्या?"

"बरो म्हणजे?"

"काल मी तीन सांगलंय. तो लागाक नाय." तिने ब्रशाचे केस बोटांनी विंचरले. "माझ्यामुळे गेला. पपा जेवकच नाय मगे. आता मी निजतानाच ठरवन ठेवतंय. डोळे मिटल्यार जो पयलो दिसता तो. कधीकधी दोन दिसतत, मगे माका झोपच येना नाय."

सुनीतीने तिच्या हातातला ब्रश घेतला आणि बाजूला ठेवला. उत्तर तिला पाठ होतं. चक्राला आधीचं काही आठवत नसतं, प्रत्येक फेरी नवी असते, हे ती दरवर्षी मोठ्या मुलांना नाणं उडवून दाखवायची.

"इशू, तू डोळे मिटलंस काय नि उघडे ठेवलंस काय, तेका काय ठावक नसता. तो आपलो फिरता नि खंयतरी थांबता."

इशिताने ऐकून घेतलं. मग शाळेत उत्तर चुकवणाऱ्या मैत्रिणीला सांगावं तशा समजूतदार आवाजात म्हणाली, "पण माका हातगुण आसा. पपा म्हणतत."

सुनीतीने पदराने तिचे हात पुसले. एकेक बोट वेगळं धरून पुसले, नखांतला रंग निघेपर्यंत.

त्या आत आल्या तेव्हा विश्वेश दाराजवळ भिंतीला पाठ लावून बसला होता. फोन मांडीवर पालथा होता. इशिता धावत त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "लागलो?"

त्याने वर पाहिलं. सुनीती मुलीच्या मागेच होती, म्हणून तिला त्याचा चेहरा आधी होता तसा दिसला, डोळ्यांखाली ओघळलेला, ओठ कोरडे. मग मुलगी समोर आहे हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने तो आवरला, दारात पाहुणा आल्यावर खाटेवरची चादर ओढून नीट करावी तसा.

"लागलो गो. तुझोच लागलो."

इशिताचे खांदे खाली आले. ती उड्या मारत भिंतीकडे गेली आणि ऑक्टोपसचा पहिला पाय रंगवायला बसली, जीभ बाहेर काढून. विश्वेश उठला. "आइस्क्रीम घेवन येतंय सगळ्यांका."

"विशू," बाबा म्हणाले. "बस."

"इलंय मी, दोन मिनटांत."

"बस म्हटलंय मा." आवाज मोठा नव्हता. बाबांनी ब्रश डब्यात ठेवला आणि हात धोतराला पुसले. "लागाक नाय तो."

"तुमका काय ठावक?"

"माका नाय तर मगे कोणाक ठावक आसतला? ह्यां तोंड मी ओळखतंय. माझा आसा तां."

विश्वेश उभाच होता. प्राजक्ता हाताला खोबरं लागलेलं तशीच आतल्या दारात आली. सुनीतीने इशिताला बाहेर न्यायला हात पुढे केला, तर बाबा म्हणाले, "रवांदे तिका. तिच्यापासून कायेक लपवूचा नाय." मग त्यांनी मुलाला समोरचं स्टूल दाखवलं. तो बसला.

"तुझो आकडो एकदाच लागललो," बाबा म्हणाले. "अगदी सुरवातीक. मगे कधी नाय."

"काय पण सांगतास." विश्वेश हसू लागला. "मगे खाजा कशाक हाडीत होतास? माका काय आठवणा नाय? खांद्यार घेवन फिरवीत होतास माका. सगळी वाडी बघी होती."

"नाय लागलो तरी हाडी होतंय."

"कित्याक?"

बाबांनी सुनीतीकडे पाहिलं. एवढा वेळ ते जमिनीकडे बघत बोलत होते. "आधी मी तुका विचारललंय, सुनी. तुका आठवता?"

तिला आठवत नव्हतं.

"तू ल्हान होतंस. पाच म्हणान सांगलंस. लागाक नाय. मी घराक येवन सरळ सांगून टाकलंय, तुझो पाच काय इलो नाय गो. माका काय, सांगूचा म्हणान सांगलंय. तू चुलीकडे जावन बसलंस नि रडाक लागलंस. जेवक नाय, दूध नाय. तुझ्या आवशीन माका हात जोडल्यान. पोरीक परत विचारू नकात म्हणाली. म्हणान तुका परत विचारूक नाय." ते थांबले. "विशू बोलूक लागलो तेवा तेका विचारूक लागलंय. खोड माझी. पण मनात ठरवलंय, ह्येका रडवूचा नाय. म्हणान रोज लागलो म्हणान सांगा होतंय."

बाहेर कुणीतरी माडाची झावळ ओढून नेत होतं, तिचा खरखरणारा आवाज खळ्याच्या कडेने गेला.

सुनीती स्टुलाच्या पाठीमागे उभी होती. तिला एकदा खरं सांगितलं गेलं होतं आणि ती एकदा रडली होती. विश्वेशला माया करून रोज खोटं सांगितलं गेलं. एवढ्या वर्षांत तिने हे कुठे कुठे शोधलं होतं, रक्तात, पेशींत, लोकांच्या शोधनिबंधांत. बाबा ज्या खुर्चीत बसत त्या खुर्चीपर्यंत ती कधी आली नव्हती. तिने भावाच्या खांद्यावर हात ठेवला. शर्ट घामाने ओला होता.

"म्हणजे माका हातगुण..." विश्वेश म्हणाला.

"नव्हतोच रे. मी केललंय तो."

"इतकी वर्सां माका वाटता, आज नाय तर उद्या येतलो. दुसऱ्यांचो नाय येवचो, पण माझो येतलो." तो पुन्हा हसायला गेला, पण ते जमलं नाही. "येक दिवस तुमी 'नाय लागलो' म्हणालास असतास, बाबा. येकच दिवस."

"सोडलंय तेवा सांगूचा होता. तुझी आवस गेली, तुमी दोघांय रडा होतास, त्यात ह्यां खंय सांगा? मगे लाज वाटाक लागली. तू फोन घेवन बसतंस तां बघा होतंय, नि म्हणा होतंय, आपणाक बोलूक तोंड खंय आसा." बाबांनी नातीकडे पाहिलं. "आज तू तिका डोळे मिटूक लावलंस. आता गप रवाक जमणा नाय माका."

इशिता ब्रश धरून उभी होती. ब्रशातून जांभळा रंग तिच्या पायावर ठिबकत होता. मोठ्यांच्या बोलण्यातलं तिला किती कळलं हे सांगता येत नव्हतं, पण तिला हवं होतं ते तिने त्यातून बरोबर उचललं होतं.

"पपा," ती म्हणाली, "मगे माझो सात?"

प्राजक्ताने दाराची चौकट धरली. बाबा मान खाली घालून बसले. विश्वेशने मुलीकडे पाहिलं, आणि सुनीतीला हाताखालचा खांदा ताठ झालेला जाणवला. चेहरा पुन्हा एकदा आवरला जाऊ लागला, गाल वर गेले, ओठ हसण्याच्या बेतात आले. तिने वाट पाहिली. बाकी काही करण्यासारखं तिच्या हातात नव्हतं.

मग ते गाल हळूहळू खाली आले आणि तो होता तसा दिसू लागला.

"नाय लागलो, बाय," तो म्हणाला. "मी खोटा सांगलंय तुका. कालचोय लागाक नाय, परवाचोय नाय. पण तेच्यात तुझा कायच नव्हता. तू दुसरो कुठलोय सांगलं असतंस तरी जावचा तां गेलाच असता. मी जेवक नाय तांय तुझ्यामुळे नाय."

इशिताने ओठ घट्ट मिटून धरले, पण ते थरथरत राहिले. "माका हातगुण नाय?"

"नाय गो. कोणाकच नसता."

ती रडायला लागली, आधी आवाज न करता, मग मोठ्याने. विश्वेशने तिला ओढून घेतलं. ब्रशासकट ती त्याच्या छातीला चिकटली आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर जांभळा पट्टा उमटला. रडू नको, असं तो म्हणाला नाही. आइस्क्रीम आणतो, असंही म्हणाला नाही. तिच्या पाठीवर हात ठेवून तो बसून राहिला आणि त्याने तिला रडू दिलं. प्राजक्ता दारातच खाली बसली. बाबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून मांडीवर ठेवला, आणि मग बराच वेळ त्यांना तो सापडेना.

रडणं ओसरून हुंदके लांब लांब यायला लागले. डॉक्टरांचा विषय या खेपेला काढायचा नाही, असं सुनीतीने कुडाळहून येताना गाडीतच ठरवलं होतं, आणि आता तो तोंडावर आलेला असतानाही तिने तो काढला नाही.

"ताई," विश्वेश मुलीच्या डोक्यावरून म्हणाला. "तो तुझो डॉक्टर कोणत्या दिवशी आसता?"

"बुधवारी. आणि शनिवारी."

"बुधवारी तर गणपतीवरच्या माटवीचा सामान हाडूचा..." त्याचं त्यालाच ऐकू आलं तसा तो थांबला. प्राजक्ता मान वर करून त्याच्याकडे बघत होती. आता तिला काय ऐकू येणार, हे जणू तिला ठाऊकच होतं. तो तिच्या नजरेला नजर देऊन बसला, या घरात बऱ्याच महिन्यांत बसला नव्हता तसा.

"बुधवारी जातलंय मी," तो म्हणाला. "बाबांका वांगडा घेवन. चवथीच्या आधी."